वाघाच्या रक्तातले दप्तर

१/
नोव्हेंबर २००३. रशियाच्या अतिपूर्व भागातील पोक्रोव्का या गावात एक तरुण वाघीण चालत आली. माणसाची नुसती चाहूल लागली तरी रानात दिसेनासा होणारा हा प्राणी. पण या वाघिणीला माणसांचे भय उरलेले नव्हते. भान हरपल्यासारखी ती वावरत होती. तिला बेशुद्ध करून पकडले, बंदिस्त ठेवून उपचार केले. पण ती अन्नाला तोंड लावीना. सुमारे सहा आठवड्यांनी ती मेली.

ती कशाने मेली, याचे उत्तर शास्त्रीय नियतकालिकात छापून यायला २०१० साल उजाडले. आजचा धागा त्या उत्तराच्या शोधाचा आहे, आणि त्या उत्तरातून निघालेल्या अधिक अवघड प्रश्नाचाही.

२/
इतिहासाच्या धाग्यात विषाणू कशाला, असे कोणी विचारील. कारण हा शोध ज्या रीतीने लागला, ती रीत इतिहासाच्या अभ्यासकाला परकी नाही.

वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांचा आग्रह एकच होता: बखर काय सांगते ते ऐकावे, पण निर्णय अस्सल कागदावर करावा. तो कागद लिहिणाऱ्याला पुढे कोण काय शोधणार आहे याची कल्पना नसते, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. वाघांच्या या कहाणीत कागदाची जागा रक्ताच्या कुप्यांनी आणि मेंदूच्या तुकड्यांनी घेतली आहे.

३/
प्रथम पार्श्वभूमी. अमूर नदीच्या खोऱ्यातला हा वाघ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपण्याच्या काठावर होता. लेव कापलानोव या तरुण सोव्हिएत निसर्गशास्त्रज्ञाने बर्फातील पावलांचे ठसे पाहत सिखोते-अलिन पर्वतराजी पायाखाली घातली. रशियात अवघे वीस ते तीस वाघ उरले असावेत, हा त्याचा अंदाज. शिकारीवर बंदी घालावी असे त्याचे म्हणणे होते. १९४३ मध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी त्याचाच खून केला.

बंदी आली ती १९४७ मध्ये. पुढील दशकांत संख्या हळूहळू वाढत गेली. २००५ च्या गणनेत ती चारशे ते पाचशेच्या घरात पोहोचली होती.

४/
१९९२ मध्ये सिखोते-अलिन अभयारण्यात रशियन आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून ‘सायबेरियन टायगर प्रोजेक्ट’ सुरू केला. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता. सीमा खुल्या झाल्या होत्या, बेकारी वाढली होती आणि वाघाच्या हाडांना नि कातड्याला गिऱ्हाईक होते. त्याच वर्षी ओल्गा नावाच्या वाघिणीच्या गळ्यात रेडिओ-कॉलर बांधण्यात आली. पुढे जवळजवळ तेरा वर्षे ती अभ्यासकांच्या नजरेखाली राहिली.

कॉलर बांधायची तर वाघाला बेशुद्ध करावे लागे. तो निजलेला असताना वजन, मापे, दातांची स्थिती यांच्याबरोबर थोडे रक्तही काढून घेतले जाई. ते गोठवून ठेवत. त्या रक्ताचा पुढे काय उपयोग होईल, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते.

५/
त्या काळची ‘बखर’ अशी होती: वाघ मरतो तो माणसाच्या गोळीने. ही बखर खोटी नव्हती. कॉलर बांधलेल्या वाघांच्या नोंदींवरून बहुसंख्य मृत्यू माणसाच्याच हातून होतात हे सिद्ध झाले होते. त्यामुळे संवर्धन म्हणजे गस्त, कायदा, चोरट्या शिकाऱ्यांना आळा, असे समीकरण रूढ झाले. भारतातही ते तसेच रूढ झाले आणि त्याला भरपूर कारण होते.

पण एक कारण ठळक दिसू लागले की दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते. आजारी वाघ दाट रानात एकटा मरतो. त्याचे शव सापडत नाही. जे सापडत नाही ते नोंदीत येत नाही, आणि नोंदीत नाही ते घडलेच नाही असे मानले जाते.

६/
आता या कथेतील खरे पात्र: कॅनाइन डिस्टेंपर. कुत्र्याचे पिल्लू पाळलेल्या प्रत्येक घराला हे नाव माहीत असते, कारण पहिल्या लसींमध्ये याची लस असते. हा विषाणू गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. गुरांच्या ज्या बुळकांडी रोगाने शतकानुशतके गोठे ओस पाडले आणि जो २०११ मध्ये जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, तोही याच कुळातला.

युरोपात हा रोग अठराव्या शतकात पसरला. देवीच्या लसीसाठी प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड जेन्नर याने १८०९ मध्ये कुत्र्यांमधील त्याच्या लक्षणांचे वर्णन केले. १९०५ मध्ये फ्रेंच पशुवैद्यक आँरी कारे याने दाखवून दिले, की हा रोग जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होणाऱ्या सूक्ष्म कारकामुळे होतो. आज आपण त्याला विषाणू म्हणतो.

७/
त्याच्या लसीचा इतिहास तर विलक्षण आहे. इंग्लंडमधील अमीर-उमरावांचे खोकडाच्या शिकारीसाठी पाळलेले कुत्रे डिस्टेंपरने मरत होते. १९२३ मध्ये ‘द फील्ड’ या शिकारी व ग्रामीण खेळांना वाहिलेल्या नियतकालिकाने वाचकांकडून निधी गोळा केला. त्या पैशावर लंडनजवळील मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी संशोधन करून लस सिद्ध केली. त्यासाठी त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी वापरला. फेरेटांच्या याच अनुभवातून १९३३ मध्ये मिल हिललाच माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला.

शिकारीची हौस टिकावी म्हणून गोळा झालेल्या वर्गणीतून जन्मलेली लस. तिचे नाव शतकानंतर वाघ वाचविण्याच्या चर्चेत येणार होते.

८/
मार्जारकुळाला डिस्टेंपर होत नाही, अशी दीर्घकाळ समजूत होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बंदिवासातील सिंह, वाघ आणि बिबटे याच रोगाने दगावले, तेव्हा तिला पहिला मोठा धक्का बसला. पुढचा धक्का टांझानियातून आला.

१९९४ मध्ये सेरेंगेटीतील सिंह झटके येऊन, अडखळत, कोसळू लागले. काही महिन्यांत तेथील सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजारेक सिंह गेले. कारण डिस्टेंपर. अभयारण्याभोवतीच्या वस्त्यांतील कुत्र्यांवर संशय गेला, आणि तो साहजिक होता.

९/
या साथीचे एक अंग मात्र चौदा वर्षांनी उलगडले. डिस्टेंपर सेरेंगेटीच्या सिंहांमध्ये आधीही येऊन गेला होता, पण इतके बळी घेऊन नव्हे. मग १९९४ मध्येच असा संहार का?

साठविलेले नमुने पुन्हा तपासल्यावर २००८ मध्ये उत्तर मिळाले. १९९३ मध्ये तेथे मोठा दुष्काळ पडला होता. भुकेने खंगलेल्या रानम्हशींच्या अंगावर गोचिड्या बेसुमार वाढल्या. त्या म्हशी सिंहांचे सहज भक्ष्य झाल्या आणि गोचिड्यांतून बबेसिया हा रक्तातील परजीवी सिंहांकडे आला. डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती खालावलेली, त्यात हा दुसरा घाव. एकट्याने जे झाले नसते ते दोघांनी मिळून केले. २००१ मध्ये शेजारच्या न्गोरोंगोरो विवरातील सिंहांतही तसेच घडले होते.

१०/
आता पुन्हा पोक्रोव्काच्या वाघिणीकडे. तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. मेंदूत आणि त्याच्या आवरणात दाह होता. या कुळातील विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे वापरून ऊतींना रंग दिला, तेव्हा विषाणूची जागा उमटून दिसली. जनुकीय चाचणीनेही दुजोरा दिला. मुक्त रानातील अमूर वाघाला या कुळातील विषाणूची बाधा झाल्याची ही पहिली लेखी नोंद.

तिचे माणसांना न घाबरणे हे धीटपणाचे लक्षण नव्हते. विषाणूने मेंदू पोखरला होता. गावात निर्भयपणे आलेला वाघ पाहून ‘नरभक्षक’ म्हणावे, बंदूक उचलावी आणि प्रकरण मिटवावे, असे किती वेळा घडले असेल? अशा वाघाचा मेंदू तपासला नसता, तर नोंदीत फक्त एक ‘धोकादायक’ वाघ जमा झाला असता.

११/
२०१० मध्ये तेच पुन्हा दिसले: रस्त्यावर, वस्तीजवळ आलेले, दिशा हरवलेले वाघ. या वेळी शास्त्रज्ञ सावध होते. २००१, २००४ आणि २०१० या वर्षांत मेलेल्या वा मारल्या गेलेल्या पाच वाघांच्या ऊती एकत्र तपासण्यात आल्या. ट्रेसी सायमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: यांतील दोन वाघांमध्ये ऊतींच्या तपासणीने डिस्टेंपर सिद्ध झाला होता आणि मेंदूच्या आजाराने ग्रासलेल्या तिसऱ्यातही विषाणूचे जनुकीय अंश मिळाले.

विषाणूची जनुकीय वंशावळ मांडली तेव्हा तो बैकल सरोवरातील सील माशांमध्ये सापडलेल्या, आर्क्टिक धाटणीच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. (सील हा सस्तन प्राणी, ‘मासा’ हे केवळ रूढ नाव.) बैकलमध्ये १९८७–८८ साली हजारो सील डिस्टेंपरने मेले होते.

१२/
दरम्यान सिखोते-अलिन अभयारण्यातील आकडे अस्वस्थ करणारे होते. २००७ मध्ये तेथे ३८ वाघ मोजले गेले होते. २०१२ मध्ये उरले ९.

ही घट पूर्णपणे डिस्टेंपरमुळे झाली असे म्हणता येत नाही. चोरटी शिकारही चालूच होती. शास्त्रज्ञांनी तसा दावा केलाही नाही. परंतु जगातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या वाघांच्या वस्तीतून पाच वर्षांत चारांपैकी तीन वाघ नाहीसे व्हावेत आणि त्याच काळात तेथील वाघांत प्राणघातक विषाणू सापडावा, ही जुळणी दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

१३/
येथे गोठवलेले रक्त कामी आले. एखादा प्राणी संसर्गातून वाचला तर त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे दीर्घकाळ राहतात. म्हणजे रक्ताची प्रत्येक कुपी हा त्या वाघाच्या पूर्वायुष्याचा तारीखवार दाखला.

१९९० च्या दशकापासूनचे नमुने ओळीने तपासले तेव्हा २००० पूर्वीच्या वाघांत डिस्टेंपरची प्रतिपिंडे आढळली नाहीत; नंतरच्या वाघांत ती आढळू लागली. म्हणजे हा रोग या वाघांमध्ये नव्याने शिरला होता. कुप्या जपल्या नसत्या तर ‘हे पूर्वीपासूनच असेल’ आणि ‘हे आत्ताच आले’ या दोन मतांमध्ये निवाडा करण्याचे साधनच उरले नसते.

१४/
एक काळजी मात्र घ्यावी लागते. प्रतिपिंडे सापडलेला वाघ हा वाचलेला वाघ असतो. जे मेले त्यांचे रक्त कुपीत आलेच नाही. तेव्हा ‘इतक्या वाघांत प्रतिपिंडे आहेत, म्हणजे रोग सौम्य आहे’ असे म्हणणे ही गफलत ठरेल. लढाईतून परतलेल्यांच्या जबान्यांवरून मृतांची संख्या काढण्यासारखेच ते. साधन अस्सल असले तरी ते कोणाचे आणि कोणाचे नाही, हे विचारावेच लागते.

१५/
मग प्रश्न आला गणिताचा. पशुवैद्यक मार्टिन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिमान मांडून दाखविले, की २५ वाघांच्या लहान समूहात डिस्टेंपरचा शिरकाव असेल, तर पुढील ५० वर्षांत तो समूह नामशेष होण्याची शक्यता १.६५ पट होते.

लहान समूहाची भीती हीच. पाचशे वाघांतील दहा गेले तर दुःख होते; पंचवीसांतील दहा गेले तर वंश खुंटतो. रशिया, चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमा जेथे भिडतात, तेथे वाघांचा असाच एक लहान, बराचसा तुटलेला समूह आहे.

१६/
वाघांना हा रोग देतो कोण? सर्वांच्या तोंडी एकच उत्तर होते: गावातले कुत्रे. सेरेंगेटीतही हाच संशय होता, रोगाचे नावच ‘कॅनाइन’, आणि कुत्र्यांना लस टोचणे सोपे. शिवाय या उत्तरात एक मोठी सोय होती. रानातील दुर्मीळ प्राण्याला हात लावायला नको. गावात जाऊन कुत्री टोचली की काम झाले.

पण सोयीचे उत्तर आणि खरे उत्तर एकच असते असे नाही. ते तपासण्यात पुढील काही वर्षे गेली.

१७/
वाघ स्वतः हा विषाणू जिवंत ठेवू शकत नाही. डिस्टेंपरचा संसर्ग अल्पकाळ टिकतो: प्राणी मरतो, किंवा बरा होऊन बहुधा जन्मभर सुरक्षित होतो. विषाणूला सतत नवे, प्रतिकारशक्ती नसलेले यजमान लागतात, तेही एकमेकांच्या निकट. अमूर वाघीण सुमारे ४०० चौरस किलोमीटर मुलखात एकटी हिंडते. असे पाचशे एकांडे प्राणी मिळून ही साखळी टिकवू शकत नाहीत.

म्हणजे विषाणूचे ‘कोठार’ दुसरीकडेच होते. ते कोठार शोधण्यासाठी गावांतील कुत्र्यांचे आणि रानातील लहान मांसभक्षकांचे नमुने गोळा केले गेले.

१८/
२०२० मध्ये गिल्बर्ट, नादेझ्दा सुलिखान, ओल्गा उफिर्किना आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला. रक्ततपासणी, प्राणिसंख्येचा अभ्यास आणि विषाणूची वंशावळ या तिन्ही साक्षी एकाच दिशेने बोट दाखवीत होत्या: रशियाच्या या भागात डिस्टेंपर टिकवून ठेवण्यात आणि वाघांपर्यंत पोहोचविण्यात कुत्र्यांपेक्षा रानातील अनेक प्रजातींचा वाटा मोठा आहे.

परिणाम स्पष्ट होता. गावातील प्रत्येक कुत्र्याला लस टोचली तरी वाघ सुरक्षित होणार नव्हते. ज्या आरोपीवर सर्वांचे एकमत होते, तो या खटल्यात मुख्य गुन्हेगार नव्हता.

१९/
सेरेंगेटीनेही तोवर असाच धडा दिला होता. तेथे अभयारण्याभोवतीच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस दिली गेली. २०१५ मध्ये तीन दशकांच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की लसीकरणाने कुत्र्यांतील संसर्ग कमी झाला, पण सिंहांपर्यंत विषाणू पोहोचतच राहिला. तेथेही अनेक प्रजातींमधून तो वाहत होता.

कुत्र्यांचे लसीकरण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. कुत्र्यांसाठी आणि त्यांच्या धन्यांसाठी ते हितकारकच आहे. वाघ-सिंह वाचविण्यास ते एकटे पुरत नाही, इतकेच.

२०/
मग उरतो तो अवघड प्रश्न: रानातील वाघालाच लस टोचावी काय? या प्रश्नावर संवर्धकांत दीर्घकाळ संकोच होता, आणि त्या संकोचाला इतिहास होता.

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत काळ्या पायांचे फेरेट अत्यंत दुर्मीळ झाले होते. साउथ डकोटातून सहा फेरेट प्रजननासाठी पकडून आणले. डिस्टेंपरपासून रक्षण व्हावे म्हणून त्यांना दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लस दिली. पाळीव फेरेटांना ती सुरक्षित ठरली होती. सहांपैकी चार त्या लसीनेच डिस्टेंपर होऊन मेले.

२१/
याच फेरेटांचा पुढचा अध्याय उलटी साक्ष देतो. १९८१ मध्ये वायोमिंगमधील मीटीट्सीजवळ त्यांचा आणखी एक समूह सापडला, आणि १९८५ मध्ये तेथे डिस्टेंपर शिरला. १९८७ पर्यंत उरलेले १८ फेरेट पकडून बंदिवासात आणावे लागले. आजचे सर्व काळ्या पायांचे फेरेट त्यांचे वंशज. म्हणजे लस दिली म्हणूनही मेले आणि विषाणू मोकळा राहिला म्हणूनही मेले.

आफ्रिकेतही वाद पेटला होता. १९९१ पर्यंत सेरेंगेटीतील रानकुत्र्यांचे अभ्यासाखालील कळप नाहीसे झाले. कॉलर बांधणे आणि रेबीजची लस टोचणे यांच्या ताणामुळेच ते दगावले, असा सिद्धान्त रॉजर बरोज यांनी मांडला. पुढील अभ्यासांत त्याला फारसा आधार मिळाला नाही, पण ‘वन्यप्राण्याला हात लावू नये’ हे मत त्याने दृढ केले.

२२/
वाघांच्या बाबतीत २०२० च्या अभ्यासाने या भीतीला पुराव्याने उत्तर दिले. बंदिवासात लस दिलेल्या वाघांच्या रक्तातील प्रतिपिंडे रशियाच्या रानातील विषाणूला निष्प्रभ करतात, हे प्रयोगशाळेत दिसले. रानातील सर्व वाघांना गाठणे अशक्य. तसे करण्याची गरजही नव्हती. कॉलर बांधण्यासाठी किंवा संघर्षामुळे पकडलेल्या वाघांना लस देऊन सोडले तरी फरक पडतो.

किती? लहान समूहात वर्षाला केवळ दोन वाघांना लस दिली, तर ५० वर्षांत तो समूह नामशेष होण्याची शक्यता १५.८ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर येते, असे प्रतिमान सांगते. साथ थांबत नाही. पण साथ येऊन गेल्यावर वंश पुढे नेण्यापुरते वाघ उरतात.

२३/
आता आपल्याकडे. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गीरमधील काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलविण्याचा आदेश दिला. सर्व आशियाई सिंह एकाच टापूत असले तर एक साथ वंश बुडवू शकते, ही त्यामागील मोठी चिंता होती. सिंह हलले नाहीत.

सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात सिंह मरू लागले. सुमारे तीन आठवड्यांत २३ सिंह गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासून डिस्टेंपरचा विषाणू ओळखला. सोबत बबेसियाही आढळला. म्हणजे सेरेंगेटीचीच जोडी. परदेशातून घाईने लस आणून सिंहांना टोचण्यात आली.

२४/
मग रशियाचे उत्तर जसेच्या तसे आपल्या व्याघ्रप्रकल्पांना लावावे काय? मुळीच नाही. तेथे गावे विरळ, कुत्री थोडी, रान अफाट. आपल्याकडे अभयारण्यांच्या काठाला गावे खेटून आहेत आणि मोकाट कुत्र्यांची संख्या प्रचंड आहे. रणथंबोरभोवतीच्या गावांतील कुत्र्यांची तपासणी झाली तेव्हा बहुसंख्य कुत्र्यांत डिस्टेंपरची प्रतिपिंडे सापडली. येथे कुत्र्यांचा वाटा मोठा असणे अगदी शक्य आहे.

पण ‘शक्य आहे’ आणि ‘सिद्ध झाले आहे’ यांत जे अंतर आहे, ते रशियात वर्षानुवर्षांच्या नमुन्यांनी भरून निघाले. ताडोबा, पेंच, मेळघाटचे उत्तर तेथल्याच कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि वाघांच्या रक्तातून यावे लागेल.

२५/
राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत एक कठोर नियम आहे: अन्यथा सिद्ध होईपर्यंत वाघाचा प्रत्येक मृत्यू शिकारीचा मानावा. चोरट्या शिकारीवर पांघरूण पडू नये म्हणून तो योग्यच आहे. शवविच्छेदन आणि नमुने घेणे हेही त्याच पद्धतीचे भाग.

नमुन्यांचे मोल अलीकडेच विदर्भाने पाहिले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आले: बर्ड फ्लू, एच५एन१. याच रोगाने २००४ मध्ये थायलंडमधील एका प्राणिसंग्रहालयात १४७ वाघ मेले वा मारावे लागले. त्यांना कोंबड्यांचे कच्चे मांस खाऊ घातले जात होते.

२६/
पोक्रोव्काच्या वाघिणीचे नाव कोणी ठेवले नव्हते. तिला वाचविता आले नाही. पण तिच्या मेंदूचा तुकडा कोणीतरी जपला, त्यावर तारीख आणि ठिकाण लिहिले आणि तो टाकून दिला नाही. अशा तुकड्यांमुळेच सुमारे सतरा वर्षांनी वर्षाला दोन वाघ टोचण्याचा प्रस्ताव अंदाजावर नव्हे, पुराव्यावर उभा राहिला.

पुढच्या वेळी गावात शिरलेल्या, माणसांना न घाबरणाऱ्या वाघाची बातमी वाचाल, तेव्हा ‘पकडला की मारला’ एवढ्यावर थांबू नका. त्याचे रक्त घेतले का, तपासले का आणि जपून ठेवले का, हेही विचारा.

धागा समाप्त. शंका आणि दुरुस्त्यांचे स्वागत आहे.